नुकसानीचा अंदाज

काचेवरचा तो ठिपका मोहरीएवढाही नव्हता. शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला, वायपर जिथून परत फिरतो त्याच्या जरा वर, आणि त्यातून निघालेली केसासारखी एक रेघ, जी ऊन समोरून आलं की दिसायची आणि वळणावर नाहीशी व्हायची... खडी. खडी उडाल्याशिवाय असा ठिपका पडत नाही, आणि तीही पुढे एखादं जड वाहन असेल तर, रस्ता उकरलेला असेल तर. गेल्या वेळी बायको ही गाडी घेऊन एकटी इकडे आली होती, आणि परतल्यावर म्हणाली होती की रस्ता अगदी लोण्यासारखा आहे, मोठ्या रस्त्याने सरळ गेले आणि सरळ आले. मग लोण्यात खडी कुठून आली? त्याने वेग थोडा कमी केला, मान वाकवून पुन्हा एकदा पाहिलं. शेजारी ती संत्रं सोलत होती.

"पुढे बघ ना," ती म्हणाली.

"बघतोय."

"काचेकडे बघतोयस. काचेतून बघ."

तो हसला. तिने संत्र्याची एक फोड त्याच्या तोंडापुढे धरली, त्याने ती घेतली, आणि विचारायचं नाही असं मनाशी ठरवून टाकलं. विचारलं की ती सांगणार. सांगितलं की ते जुळतंय का हे बघावं लागणार. आणि सुट्टीचा दिवस आहे, बाहेर दोन्ही बाजूंना कापणीनंतरची मोकळी शेतं पसरली आहेत, बायको फोडी भरवते आहे, तर कशाला? असं स्वतःला बजावताना त्याची नजर पुन्हा त्या रेघेवर गेलीच.

ठोकलेल्या गाड्या तपासणं हा त्याचा धंदा होता. विमा कंपनीकडून निरोप आला की तो गॅरेजात जायचा, उकिडवा बसायचा, पोचा आलेल्या पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. मागे उभा असलेला मालक तोंड भरून सांगत असायचा की झाडाची फांदी पडली, गुरं आडवी आली, समोरच्याने दिवाच लावला नव्हता... आणि अंगठ्याला तोवर कळलेलं असायचं की हा खांब आहे, आणि गाडी मागे घेताना लागलाय. माणसं बोलतात, पत्र्याला खोटं बोलता येत नाही, असं तो नव्या लोकांना शिकवायचा आणि ते वाक्य म्हणताना स्वतःवरच खूश व्हायचा. या खुशीत त्याचा निम्मा जन्म गेला होता. आणि घरी आल्यावर हात धुतले की अंगठा काही वेगळा होत नाही.

पण मी संशय घेत नाही. संशय घेणारी माणसं वेगळी असतात, ती खिसे तपासतात, फोन उघडून बघतात. मी फक्त जुळतंय का ते बघतो.

आता हेच बघा. तिची मावशी वसंतात घरातल्या घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. मावशी म्हणजे सख्खी नव्हे. तिचे वडील या सीमेवरच्या जकातनाक्यावर कारकून होते, आई सदा आजारी, आणि शेजारची ही बाई हिला उचलून आपल्या घरी न्यायची, न्हाऊमाखू घालायची, झोपवायची. शाळेची निम्मी वर्षं तिची इथेच गेली. बरं. मावशी पडली, हिला जायला हवं. हिचा तर व्यवसायच तो, फिजिओथेरपिस्ट, मोडलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं. पहिल्यांदा गेली तेव्हा त्यानेच पिशवी गाडीत ठेवून दिली होती. दुसऱ्यांदा गेली, तेही समजण्यासारखं. तिसऱ्यांदा मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली, कारण परत आली ती उन्हाने रापलेली आणि काहीतरी गुणगुणत. चौथ्यांदा ती निघाली तेव्हा तो म्हणाला, मीच येतो गाडी चालवायला, तुला तेवढीच विश्रांती. ती कपाटातून कपडे काढत होती. हात थांबला. अगदी जरासा. मग म्हणाली, "ये ना, मावशी कधीची विचारते आहे." तो जरासा थांबलेला हात सबंध आठवडा त्याच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता.

मोठा रस्ता सोडला आणि पाट्या बदलल्या. आधी एका लिपीत असायच्या, आता दोन लिप्यांत. नदी ओलांडल्यावर तीन. एका गावाची घरं उतरत्या कौलांची, दारं हिरवी, बायकांचे रुमाल हनुवटीखाली बांधलेले. पुढचं गाव टेकडीच्या पलीकडे, तर तिथे छपरं सपाट, रुमाल मानेमागे बांधलेले आणि प्रार्थनाघराचा मनोराही निराळ्याच घाटाचा. त्याच्याही पुढच्या गावात हे दोन्ही, एकाच गल्लीत, समोरासमोर. सीमा इथे दोनतीनदा सरकली, पण माणसं जागची हलली नाहीत, असं ती सांगायची. सकाळी झोपेतून उठावं तो देशच बदललेला, आणि म्हशीचं दूध मात्र काढायचंच आहे. ती प्रत्येक पाटी ओठातल्या ओठात वाचत होती. तिन्ही लिप्या. त्याला हे ठाऊक नव्हतं. लग्न ठरताना त्याने विचारलं होतं, तिकडची भाषा येते का, तर ती म्हणाली होती, थोडी थोडी, लहानपणीची. त्या थोड्या थोड्यावर त्याने इतकी वर्षं विश्वास ठेवला होता.

पेट्रोल पंपावर ते उघडं पडलं.

पंपावरचा माणूस जाडजूड, मिशाळ, हातात कापड. गाडी थांबली तशी तो तिच्या खिडकीशी आला. पेट्रोलची टाकी याच्या बाजूला असताना तिच्या खिडकीशी! आणि एक लांबलचक काहीतरी बोलला. तिने त्याहून लांब उत्तर दिलं. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला, ती खळखळून हसली, दोघं एकमेकांचं बोलणं तोडत, एकमेकांची वाक्यं पुरी करत बोलत राहिले. आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून, लग्नाला आलेल्या पण कोणाकडून आला हे कोणालाच माहीत नसलेल्या पाहुण्यासारखा, दोघांकडे बघत हसरं तोंड करून बसला. तिचा आवाज वेगळा होता. खालच्या पट्टीतला, पोटातून येणारा. हा आवाज तिने ठेवला कुठे होता इतके दिवस?

गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर त्याने सहज विचारलं, "काय म्हणत होता?"

"काही नाही रे. बायकोची पाठ धरली होती, आता बरी आहे म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच सांगायला एवढा वेळ? पाठ धरली, बरी झाली; याला कपाळावर हात का मारून घ्यायचा? हसण्यासारखं त्यात काय? आणि मुळात पंपावरच्या माणसाच्या बायकोची पाठ हिच्या हाती आली केव्हा? हिला तर फक्त मावशीचा खुबा बघायचा होता... कुठेतरी पाणी मुरत होतं. त्याला ही भावना ओळखीची होती. गॅरेजात उकिडवं बसताना यायची तीच. तिथे ती सुखाची असायची. इथे मात्र नव्हती.

पुढे गवताच्या गंज्या लादलेला एक ट्रॅक्टर सबंध रस्ता अडवून रमतगमत चालला होता. त्याने हॉर्नवर हात ठेवला.

"डावीकडे घे," ती म्हणाली.

"डावीकडे शेत आहे."

"शेताच्या कडेने वाट आहे. पुढे कालव्याला लागते. घे तर."

वाट होती. कच्ची, खडीची, आणि पुढे वळणावर एक दुधाची गाडी, जिच्या चाकांखालून खडे टणाटण उडत होते. म्हणजे ठिपका इथला. ठरवलेलं सगळं विसरून तो बोलून गेला, "काचेला लागलं ते इथेच का?"

ती वळून त्याच्याकडे बघायला लागली. मग तिने सांगायला सुरुवात केली. हो, गेल्या वेळी. मावशीच्या औषधांचं दुकान दुपारी बंद होतं म्हणून घाई होती, मोठ्या रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं, कामगारांनी लाल झेंडा लावला होता, म्हणून ही वाट धरली, पुढे अशीच दुधाची गाडी होती, खडा लागल्याचा आवाजही आला होता, पण घरी आल्यावर तुझं ते पोलीस ठाण्याचं लफडं चालू होतं, जळालेल्या बसचं, म्हणून सांगायचं राहून गेलं. दुकानदाराला विचार हवं तर, त्याच्या लक्षात असेल, मी घामाघूम होऊन पोचले होते...

तिचा आवाज आता पुन्हा घरचा झाला होता, जरासा चढा, जरासा धावता. आणि तो ऐकत होता, मान डोलवत होता, आणि आतल्या आत अधिकाधिक खट्टू होत होता. कारण इतकं सगळं कोणाला आठवतं? झेंड्याचा रंग? आणि मग तो लोण्यासारखा सरळ रस्ता कुठला? खरं बोलणाऱ्याच्या बोलण्यात भोकं असतात, तो मध्येच म्हणतो, आता नक्की नाही सांगता येणार. ज्याची गोष्ट गच्च भरलेली, जो न विचारताच साक्षीदार पुढे करतो, त्याच्याच गाडीखाली वाकून बघायचं असतं. घरी हेच व्हायचं. दवाखान्यातून उशीर झाला की ती पर्स ठेवायच्या आधी सांगू लागायची: शेवटचा पेशंट कोण, त्याचा गुडघा कसा, बस कुठे बंद पडली, कधी कधी तर बसचं तिकीट टेबलावर काढून ठेवायची, सहज ठेवल्यासारखं. तो ते उचलायचा नाही. पण बघायचा. आणि झोपताना त्याला वाटायचं, मी काही विचारलं नव्हतं, मग ही तिकीट का दाखवते?

तिच्याशिवाय त्या घरात त्याचा एक दिवसही निघाला नसता. लेक शिकायला परगावी गेल्यापासून तर घर नुसतं खायला उठायचं. संध्याकाळी कुलुपात तिच्या किल्लीचा आवाज झाला की त्याचा जीव भांड्यात पडायचा, अक्षरशः, आतून काहीतरी ढिलं व्हायचं. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. दार उघडलं की तो फक्त विचारायचा, कुठे होतीस?

मावशीचं घर गावाच्या टोकाला होतं, जुन्या जकातनाक्याच्या मागे. नाक्याचा आडवा दांडा आता कायमचा उभा होता, त्यावर कोणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. घरापुढच्या ओट्यावर लांब बाक, आणि बाकावर माणसं. रुमाल मानेमागे बांधलेली एक म्हातारी, हनुवटीखाली बांधलेली दुसरी, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला एक सुतार, त्याच्या बोटांच्या फटींत अजून भुसा होता, आणि भिंतीला टेकवलेल्या कुबड्या. गाडी दिसताच सगळे उभे राहिले. ज्यांना राहता आलं नाही त्यांनी हात उंचावले.

"ही कोण मंडळी?"

"मावशीला भेटायला येतात," ती म्हणाली, आणि दार उघडून उतरली सुद्धा.

खोटं. हे साफ खोटं होतं, त्याला अंगठा फिरवायचीही गरज नव्हती. मावशी आत पलंगावर होती, आणि ही सगळी माणसं तिच्याकडे पाठ करून हिच्याकडे बघत होती.

मावशी मात्र खरी निघाली. खुबाही खरा, वॉकरही खरा. वाळलेली, लहानखुरी, डोळे भलतेच तरतरीत. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिला येत असलेले त्याच्या भाषेतले शब्द एका दमात उधळून दिले, "जावई! ये! बस! खा!" आणि संपले म्हणून स्वतःच हसत सुटली. त्याला एकदम बरं वाटलं आणि लगेच तसं वाटल्याची लाजही. त्याने खोलीत नजर फिरवली. सवय. दोन पलंग, पत्र्याचं कपाट, खिडकीत औषधं. दुसऱ्या पलंगाशेजारी एक चटई आणि उशांची चळत. दाराशी खिळा, आणि खिळ्याला पांढरा एप्रन. तिचा. खिशावर शाईचा तोच डाग. घरी तो दिसेनासा झाला तेव्हा तिने सांगितलं होतं, लाँड्रीवाल्याने हरवला. कोणता लाँड्रीवाला, त्याने काय कारण दिलं, ती त्याला काय बोलली, सगळं.

तिने एप्रन खिळ्यावरून काढला, न बघता, घरातल्या दिव्याचं बटण आपण अंधारात न चाचपडता दाबतो तसा, आणि बाहेर गेली.

म्हणजे कोणीतरी आहे. आता त्याला शंका उरली नाही. कामाचं निमित्त आहे, मागे माणूस आहे. बसायला दिलेल्या खुर्चीवरून त्याला दारातून ओटा दिसत होता, आणि तो डोळ्यांत तेल घालून बघत राहिला. पंपवाल्यापासून सुतारापर्यंत एकेकाला तपासून बाजूला करत. सुतार म्हातारा. कुबड्यावाला फारच कोवळा. आणि मग तो आला. उंच, कानांवर पिकलेले केस, बाह्या वर सरकवलेल्या, फाटकातून आत शिरताना कोणालाही न विचारणारा. गावची बस चालवणारा, हे त्याच्या खिशावरच्या बिल्ल्यावरून कळत होतं. त्याने लांबूनच तिला एका नावाने हाक मारली, छोट्याशा, दोन अक्षरी, लहान मुलीला मारावी तशा नावाने. ती वळली आणि उजळली. हाच. अंगाने दणकट आहे, हसरा आहे, रोज येतो-जातो, बस आहे. मी एवढा रस्ता कशाला आलो! खुर्चीचे हात त्याने घट्ट धरले होते.

बसवाल्याने सदरा काढायला सुरुवात केली. भर ओट्यावर. पण डावा हात खांद्याच्या वर जाईना; तो वाकला, वळला, सदऱ्यात मान अडकून गुदमरला, तेव्हा सुताराने उठून सदरा ओढून काढला. मग तिने त्याला बाकावर उलटं बसवलं, कोपर धरलं आणि खांदा असा काही फिरवला की तो दणकट माणूस कळवळून ओरडला, नंतर कोणाच्या तरी नावाने काहीतरी पुकारलं, आणि सगळा बाक खो खो हसायला लागला. आतून मावशीही. तिने त्याच्या टकुऱ्यावर चापटी मारली आणि पुन्हा खांदा धरला.

तोही हसला. हसू येतंय म्हणून हसला. आणि हसता हसता त्याला जाणवलं की आपण निराश झालो आहोत.

पुढे तर गंमतच झाली. तिने सगळ्यांना काहीतरी सांगितलं, त्याच्याकडे बोट दाखवत, उकिडवं बसून हवेतल्या पत्र्यावरून अंगठा फिरवायची त्याची हुबेहूब नक्कल करत. आणि बसवाला सदरा खांद्यावर टाकून त्याला ओढतच बसपाशी घेऊन गेला. मागच्या कोपऱ्यावर पोचा होता. सगळी मंडळी लंगडत, काठ्या टेकत मागे आली. त्याने अंगठा फिरवला. "म्हणतो, बैलाने धडक दिली," ती म्हणाली. "बैल नाही. दगडी खांब आहे, आणि हा मागे घेत होता," तो म्हणाला, "आणि बघत दुसरीकडेच होता." तिने ते भाषांतर केलं. मग बसवाल्याने दोन्ही हात जोडले, म्हणजे एक जोडला, दुसरा जेवढा आला तेवढा, आणि एकच हशा उसळला. मानेमागे रुमाल बांधलेल्या म्हातारीने त्याच्या पाठीवर थाप मारली. कितीतरी दिवसांत त्याला इतकं छान वाटलं नव्हतं.

मावशी वॉकर घेऊन दारापर्यंत आली होती. तिने तिथूनच काहीतरी विचारलं. मंडळी हसायची थांबली.

तिने एप्रनचं टोक हातात घेतलं.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"विचारते आहे..." ती एप्रनला हात पुसत होती, "की घरी पण असंच बघतो का."

"मग? काय सांगितलंस?"

"काही नाही सांगितलं."

ती पुढच्या माणसाकडे वळली. तो बसच्या सावलीतच उभा राहिला. आत जावं, तर मावशीसमोर बसावं लागलं असतं. इथून त्याला ती स्वच्छ दिसत होती, आणि शब्द कळत नसल्यामुळे नुसतं बोलणं दिसत होतं, पहिल्यांदाच. सुताराला ती काहीतरी म्हणाली, छोटं. त्याने मनगट वळवलं. म्हातारीला म्हणाली, त्याहून छोटं. म्हातारीने नाही म्हणून मान हलवली, तशी ती तेच पुन्हा म्हणाली, तेवढ्याच शब्दांत, तेवढ्याच हळू, आणि म्हातारी उभी राहिली. कारण नाही. झेंडा नाही, दुकानदार नाही. एका वाक्याला आधार द्यायला दुसरं वाक्य धावत येत नव्हतं. बोलून झालं की तिचा चेहरा तसाच स्वस्थ राहायचा. समोरच्याने मानलं की नाही हे बघायला तिचे डोळे वर जात नव्हते... घरी जातात. घरी ती बोलते आणि बघते, बोलते आणि बघते. मला वाटायचं, तिची रीतच आहे तशी. बायकांचं बोलणं पाल्हाळ असतं, असं मी मित्रांत म्हणून हशाही मिळवला आहे.

ते पाल्हाळ कोणी शिकवलं तिला?

ऊन उतरायला लागलं तशी माणसं पांगली. परसात नळ होता. ती एप्रन काढून, बाह्या कोपरापर्यंत चढवून साबण लावत होती. त्याने नळ धरला, तो सारखा गळत होता आणि दाबून धरल्याशिवाय नीट पाणी देत नव्हता. कुंपणापलीकडे कोणीतरी कोंबड्यांना हाका मारून आत घेत होतं, कुठल्या भाषेत कोण जाणे. कोंबड्यांना कळत होती.

"तू इथे राहायचं ठरवते आहेस का?" त्याने विचारलं. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला.

साबणाचे हात थांबले. या वेळी ते जरासे थांबले नाहीत, चांगले थांबले.

"आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलंय," ती म्हणाली. "म्हणजे अजून काही पक्कं नाही, मी सांगणारच होते तुला. आठवड्यातले मधले तीनच दिवस. सकाळची बस असते, दवाखान्यात मी बोलून बघितलंय, माझ्या पेशंटांना शनिवार-रविवार चालेल, आणि इकडे तिन्ही भाषा येणारं कोणी मिळत नाही, त्या बाई स्वतःच म्हणाल्या, तू विचार त्यांना, आणि मावशीलाही..."

ती बोलता बोलता त्याच्या तोंडाकडे बघत होती. आणि मध्येच थांबली. कशाने कोण जाणे. त्याने काही केलं नव्हतं, तो नुसता नळ दाबून उभा होता. तिने हात पाण्याखाली धरले, फेस जाऊ दिला, सावकाश, दोन्ही बाजूंनी. मग ओल्या हातांनीच केस मागे सारले.

"मला इथे बरं वाटतं," ती म्हणाली.

तो पुढचं ऐकायला थांबला. पुढे काही आलं नाही.

नळ त्याच्या हातून सुटला होता आणि पाणी पायांवर सांडत होतं. त्याने ते वाक्य सवयीने चाचपलं, या कडेने, त्या कडेने... कुठे रंग उडालेला नाही, कुठे पुट्टी भरलेली नाही, मागून ठोकून सरळ केलेलं नाही. खरं आहे. तिच्या तोंडून आलेलं आणि मला तपासावंसं न वाटलेलं हे पहिलंच वाक्य, आणि हेच खोटं निघावं, आत्ताच्या आत्ता निघावं, म्हणून माझा जीव असा कासावीस का होतोय? एक प्रश्न पुरे होता. कधीपासून? घरी काय कमी आहे? नेमकं कशाने बरं वाटतं? यातलं काहीही विचारलं की ती सांगू लागली असती. सांगू लागली की गोष्ट लांबली असती, तीत भर पडली असती, कुठेतरी काहीतरी जुळलं नसतं आणि आपण वाचलो असतो. प्रश्न जिभेवर आला होता. आणि तिच्या चेहऱ्यावर त्या प्रश्नाची तयारीही आली होती. गॅरेजात, तो उकिडवा बसलेला असताना, मागे उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते ती. इतकी वर्षं तो तिकडे पाठ करून बसला होता. ती तयारी कशी दिसते हे त्याला आज समजत होतं.

त्याने तोंड उघडलं, आणि काही न विचारता मिटलं. तिची नजर त्याच्या तोंडावरून हलली नाही.

अजून काही विचारलं नाही. अजून नाही... पाण्याने मोजे पार भिजले होते, नळ वाहत होता, आणि तो, आपण आणखी किती वेळ असे गप्प राहू शकू याचा काहीच अंदाज नसलेला, तिच्यासमोर तसाच उभा होता.